थंडीआधी तळं हलकं करा

शिरूर-दौंड पट्ट्यात परसातल्या हौदातले किंवा घराशेजारच्या छोट्या शेततळ्यातले मासे डिसेंबर-जानेवारीत मरू लागले की दोष थंडीला दिला जातो. कडाका पडला, मासे गारठले, मेले, एवढ्यावर चर्चा संपते. या प्रकरणाचं म्हणणं वेगळं आहे. इथली थंडी रोहू, कटला, मृगळ किंवा सिप्रिनस यांना सहसा एकटी मारत नाही. पावसाळाभर आणि ऑक्टोबरच्या उन्हात तळ्यात साठत गेलेलं ओझं त्यांचा जीव घेतं: न खाल्लेलं खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ, तळाचा काळा गाळ आणि जागेच्या मानाने जास्त झालेले मासे. पाणी उबदार असतं तोवर तळं हे ओझं कसंबसं पेलतं. पाणी थंडावलं की त्याची ताकद संपते. म्हणून हिवाळ्याची खरी तयारी थंडी अडवण्यात नाही, थंडी यायच्या आत तळं हलकं करण्यात आहे, आणि तिची वेळ हस्ताचा पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतची आहे. गोधड्या बाहेर निघाल्यावर सुरू केलेली तयारी उशिराची ठरते.

या विषयावर सहज वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांत लिहिलेलं असतं. कोई माशांची परंपरा ज्या भागात वाढली तो जपानचा निगाता प्रांत बर्फाचा आहे. अशा ठिकाणी तळ्यावर बर्फाचा थर जमतो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असल्यामुळे तळाशी त्याच तापमानाचं पाणी टिकून राहतं आणि मासे तिथे महिनोन् महिने जवळपास निश्चल राहतात. बर्फात भोक राखा, छोटा हीटर लावा, पानगळीआधी जाळी पसरा, हे सल्ले तिथे योग्य आहेत. शिरूरला त्यातला एकही जसाच्या तसा लागू पडत नाही. पुणे शहरातलं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, तेही १७ जानेवारी १९३५ चं आणि हवेचं. पाणी तिथवर उतरत नाही. इथली अडचण निराळी आहे. हा पर्जन्यछायेचा, अवर्षणप्रवण मुलूख. हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दुपारी पारा २८-३० अंशांवर आणि पहाटे १०-११ वर, कधी त्याच्याही खाली. थंड देशातला मासा एकदाच झोपतो आणि वसंतात उठतो. इथला मासा रोज दुपारी जागा होतो आणि रोज पहाटे सुस्तावतो. पुढचं सगळं या एका फरकातून निघतं.

ही रोजची चढउतार किती व्हावी ते बऱ्याच अंशी तळ्याच्या खोलीवर ठरतं, आणि याचा हिशेब सोपा आहे. निरभ्र रात्री पाण्याच्या एका चौरस मीटर पृष्ठभागातून सरासरी १०० वॅट उष्णता निघून जाते असं धरू. बारा तासांत ती सुमारे ४३ लाख ज्यूल होते. एक मीटर खोल पाणी तेवढ्याने साधारण एक अंश उतरतं. एक फूट खोल पाणी मात्र तीन ते साडेतीन अंश उतरतं. जमिनीवर बांधलेल्या सिमेंटच्या हौदाला चारही भिंतींतून आणखी गारवा लागतो, जमिनीत खोदलेल्या तळ्याला मातीचा आधार मिळतो. तेव्हा मासे ठेवायचे असतील तर चार फुटांपेक्षा उथळ जागा हिवाळ्यासाठी भरवशाची नाही. हौद उथळ असेलच तर थंडीआधी तो काठोकाठ भरून ठेवावा आणि उत्तरेकडच्या भिंतीला मातीचा बांध किंवा पाचटाच्या पेंढ्या लावाव्यात. कोरड्या वाऱ्याने पाणी उडून पातळी रोज थोडी घटते, त्यामुळे एकदा भरून भागत नाही, ती राखावी लागते.

आता माशाच्या शरीराकडे येऊ, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच घडते. हिवाळ्यात आपल्याला भूक जास्त लागते; बाजरीची भाकरी, तीळ, डिंकाचे लाडू हा आपला हिवाळी आहार त्या भुकेशी जुळलेला आहे. शरीर गरम ठेवायला माणसाला जास्त जळण लागतं. मासा शीतरक्ताचा आहे, त्याच्या शरीराचं तापमान पाण्याइतकंच असतं. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या घडामोडींचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पचन मंदावतं, हालचाल मंदावते, रोगाशी झुंजण्याची ताकदही मंदावते. रोहू-कटल्याची वाढ २५ ते ३२ अंशांच्या पाण्यात चांगली होते. २० च्या खाली त्यांचं खाणं स्पष्ट घटतं आणि १४ च्या खाली रोहू नीट तगत नाही. सिप्रिनस आणि त्याचाच वंशज असलेला कोई यांना याहून कितीतरी थंड पाणी चालतं. म्हणूनच कोईसाठी लिहिलेला ‘१० अंशांखाली खाद्य थांबवा’ हा नियम रोहूच्या तळ्यात पाळला तर सगळा हिवाळा खाद्य चालू राहील आणि जवळपास सगळं वाया जाईल. मर्यादा ठरवायची ती आपल्या तळ्यात कोणता मासा आहे हे पाहून.

इथे रोजची चढउतार माणसाला फसवते. दुपारी वरचं पाणी तापतं, मासे वर येतात, दिलेलं खाद्य टिपतात. भूक लागली आहे असं वाटून माप तेच ठेवलं जातं, उलट शिळी भाकरी, भात, पोळीचे तुकडेही हौदात पडतात. संध्याकाळी पाणी उतरू लागतं आणि दुपारी खाल्लेलं माशाच्या पोटात रेंगाळतं. याची किंमत आकड्यांत पाहू. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट खोल हौदात सुमारे ११,३०० लिटर पाणी मावतं. त्यात ४०० ग्रॅमचे ५० मासे असले तर एकूण वजन २० किलो. वजनाच्या अडीच टक्के दराने रोजचं खाद्य होतं अर्धा किलो. त्यात ३० टक्के प्रथिन धरलं तर १५० ग्रॅम प्रथिन, म्हणजे २४ ग्रॅम नायट्रोजन. मासा त्यातला साधारण चौथा हिस्सा अंगी लावतो. उरलेला १८ ग्रॅम कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे पाण्यात जातो. ११,३०० लिटरमध्ये हे रोज लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर भरतं, आणि त्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात असतो. सप्टेंबरात हिरवं शेवाळ आणि भिंतींवरचे, गाळातले जिवाणू तो वापरून टाकतात. पाणी १५-१८ अंशांवर आलं की हे जिवाणूही मंदावतात. थंड पाण्यात अमोनियाचा विषारी अंश कमी असतो हे खरं, आणि ते इथे सांगितलंच पाहिजे. पण दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू चढतो तेव्हा तो अंश पुन्हा वाढतो, आणि नायट्राइटचा त्रास वेगळाच. थंडीत दुपारी दिलेलं प्रत्येक जादा मूठभर खाद्य म्हणजे तळ्यावरचं कर्ज आहे.

तेव्हा खाद्य पाण्याच्या तापमानावर द्यावं, तारखेवर नाही. दोन फूट खोलीवर सकाळी आणि दुपारी साधा थर्मामीटर सोडून पाहावं. सकाळचं पाणी २२ च्या खाली आलं की माप निम्मं करावं. २० च्या खाली शेंगदाणा पेंड आणि कोंड्याचे गोळे बंद करून फक्त थोडं तरंगतं खाद्य, तेही दुपारी एकदा, वीस मिनिटांत संपेल एवढंच. १८ च्या खाली दिवसाआड. १६ च्या खाली रोहू-कटल्याला काहीच नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा की खाद्य तोडलं तर मासे वाळतील आणि विक्रीला वजन मिळणार नाही. वजन थोडं थांबतं, यात शंका नाही. पण त्या दिवसांत खाद्य देऊनही वाढ होत नसते. पैसा खर्च होतो आणि पाणी बिघडतं. शरीराचा खर्चच निम्म्यावर आलेला निरोगी मासा काही आठवडे कमी अन्नावर सहज निघतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला खाणं सुरू झालं की मागे पडलेली वाढ बरीचशी भरून काढतो.

दुसरा आक्षेप अधिक जाणकारीचा असतो: थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, मग हिवाळ्यात काळजी कसली? समुद्रसपाटीला ३० अंशांचं पाणी लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, १५ अंशांचं दहा मिलिग्रॅम. शिरूरच्या उंचीवर दोन्ही आकडे थोडे कमी. ही मात्र पाण्याची धारणक्षमता झाली, प्रत्यक्षातला साठा वेगळा असतो. कणगी मोठी असली म्हणून तिच्यात धान्य असतंच असं नाही. छोट्या तळ्यात दिवसाचा बराच ऑक्सिजन शेवाळ तयार करतं, आणि हिवाळ्यात दिवस लहान असतो. त्यात अवकाळीचं आभाळ तीन-चार दिवस राहिलं की उत्पन्न घटतं, गाळाचा खप मात्र चालू राहतो. त्याहून धोक्याची गोष्ट तळ्याच्या पोटात घडते. ऑक्टोबर हीटमध्ये आठ-दहा फूट खोल, प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं. दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थरातला ऑक्सिजन गाळ संपवून टाकतो. मग पहिली कडक रात्र येते, वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं आणि तळचं बिघडलेलं पाणी वर ढवळून येतं. पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर तोंड काढून दिसतात ते यामुळे. थंडीने एका रात्रीत पाणी उलथलं, इतकाच तिचा वाटा. वर आलेलं विष महिनाभर आधीपासून साठत होतं. ऑक्टोबरातच रोज सकाळी तासभर पंपाने तळचं पाणी उपसून वर फवारलं तर थर जमतच नाही आणि ती रात्र बिनबोभाट जाते.

रोगाची गोष्टही याच धाग्यातली आहे. अंगावर लाल, खोल जखमा पडणारा व्रणरोग भारतात १९८८ साली ईशान्येकडे दिसला आणि पुढे देशभर पसरला. तो एका बुरशीसदृश जीवामुळे होतो, आणि पावसानंतर पाणी थंडावतं त्या काळात, साधारण १८ ते २२ अंशांना, तो सर्वाधिक जोर करतो. कारण उघड आहे: या तापमानाला तो जीव जोमात असतो आणि माशाची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर ‘सीफॅक्स’ हे औषध काढलं. औषध आहे म्हणून वाट पाहण्यात शहाणपण नाही. दाटी आणि खवलं निघालेलं अंग हे दोन दरवाजे आधीच बंद करता येतात. थंडीच्या तोंडावर वारंवार जाळं ओढून माशांची अंगं सोलणं तर कटाक्षाने टाळावं; जाळं ओढायचं ते ऑक्टोबरात, एकदाच.

प्रतिबंध म्हणून चुना टाकायची शिफारस सर्वत्र वाचायला मिळते, हेक्टरी सुमारे २०० किलो, म्हणजे गुंठ्याला दोन किलो. मातीच्या तळाच्या तळ्यात ती योग्य आहे. पण शिरूर-दौंडचं विहीर-बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं, त्यात सिमेंटचा हौद. तिथे सामू आधीच ८ च्या वर असताना चुना ओतणं म्हणजे अमोनियाला बळ देणं होय. आधी सामू पाहावा; बारामती आणि नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं शेतकऱ्यांसाठी जवळची आहेत, पाण्याच्या तपासणीसाठी तिथे विचारावं. खडेमिठाचंही तसंच. हजार लिटरला एक किलो मीठ नायट्राइटपासून माशाला वाचवतं, पण मीठ उडून जात नाही. तेच पाणी पुढे परसबागेला जाणार असेल तर जमिनीत क्षार साठतील, आणि कालव्याखालच्या दौंडच्या जमिनींना क्षारांची ओळख करून द्यायची गरज नाही.

ऑक्टोबरातलं मुख्य काम तीन गोष्टींचं. पहिलं, मासे कमी करा. श्रावण आणि नवरात्र सरलेलं असतं, दसऱ्यानंतर मासळीला मागणी असते. खायच्या मापाचे मासे तेव्हाच काढावेत आणि वर हिशेबात धरलेल्या हौदात ५० ऐवजी २० ठेवावेत. दुसरं, शेणखत, कोंबडखत, स्लरी टाकणं थांबवा. पावसाळ्यात पाणी हिरवं करायला ती उपयोगी होती, आता नाही. तिसरं, तळाचा गाळ आणि तळचं तिसरा हिस्सा पाणी काढा, एका दमात नाही, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. काढताना गाळाला सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजावं की काम निकडीचं होतं.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो या भागात सर्वांत वजनदार आहे: वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे भरलेलं पाणी काढून टाकायचं? टाकायचं नाहीच. याच दिवसांत रब्बीची ज्वारी उगवून आलेली असते, कांद्याची रोपं तयार होत असतात, गव्हाची तयारी चालू असते. माशांच्या पाण्यातला जो नायट्रोजन हौदात विष ठरतो तोच वाफ्यात खत ठरतो. परसातली केळी, शेवगा, भाजीचे वाफे, जनावरांची मका यांना ते पाणी द्यावं. तसंही ते पाणी पिकाला द्यायचं होतं. फक्त वाटेत त्याने तळं धुऊन नेलं. डिसेंबरात हेच करायला गेलं तर दोन तोटे होतात. नवं आणि जुनं पाणी यांच्या तापमानातला फरक माशांना सोसत नाही, आणि गाळ ढवळला गेला तर तो निवळायला थंड पाण्यात फार वेळ लागतो.

बदली पाणी कुठलं घ्यायचं याला दौंडच्या बाजूला विशेष महत्त्व आहे. मुळा-मुठेचं पाणी पुण्याचं सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, आणि मुंढव्याहून प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्याने शेतीसाठी येतं. उसाला चालणारं पाणी माशाला चालेलच असं नाही. अमोनिया तपासल्याशिवाय ते माशांच्या हौदात घेऊ नये. चासकमान, कुकडी किंवा खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन मिळालं तर चांगलं, पण त्याच्या तारखा आपल्या हातात नसतात. उरतं विहिरीचं आणि बोअरचं पाणी. जमिनीतलं पाणी वर्षभर साधारण पंचवीस अंशांच्या आसपास असतं, म्हणून थंडीच्या पहाटे त्यातून वाफ निघताना दिसते. त्यावरून कित्येकांना वाटतं की बोअर सोडला की तळं गरम होईल. हिशेब तसं सांगत नाही: १७ अंशांच्या अकरा हजार लिटरमध्ये २५ अंशांचं हजार लिटर मिसळलं तर सगळं पाणी पाऊण अंशही चढत नाही. फायदा इतकाच की पाइपाच्या तोंडाशी उबदार कोपरा तयार होतो आणि मासे तिथे जमतात. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन मात्र अगदी कमी असतो. ते तीन-चार फुटांवरून, जुन्या शॉवरच्या चाळणीतून किंवा दगडांवरून पाडावं. नळी पाण्यात बुडवून सोडलं तर मदतीऐवजी अपाय होतो.

या सगळ्या विवेचनाला एक खरा अपवाद आहे. काही माशांना थंडी स्वतःच मारते. उजनीच्या पाणलोटात भरपूर मिळणारा चिलापी ११-१२ अंशांच्या पाण्यात मरतो आणि १६-१७ खाली खाणं सोडतो. पंगसही थंडीला नाजूक. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडतात ते गप्पी मासे उष्ण प्रदेशातले. उथळ, उघड्या हौदात एखादी कडक रात्र त्यांचा सगळा थवा संपवते, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर उन्हाळ्याच्या तोंडाला तो हौद डासांना मोकळा असतो. या माशांसाठी थंडी अडवणं हीच तयारी. गप्पींची दहा-वीस जोडपी घराच्या आत माठात किंवा टाकीत ठेवावीत. चिलापी-पंगस डिसेंबरपूर्वी विकून मोकळं व्हावं. हौदावर रात्री कापड किंवा शेडनेट ओढलं तर आभाळाकडे जाणारी उष्णता काही प्रमाणात अडते, पण प्लॅस्टिकने घट्ट झाकून दिवसरात्र ठेवू नये, हवा आणि ऊन दोन्ही तुटतं. हीटरचा विचार करणाऱ्याने ११ हजार लिटर पाणी एक अंश चढवायला सुमारे १३ युनिट वीज लागते, आणि ती उष्णता दुसऱ्या रात्री निघून जाते, एवढं ध्यानात घ्यावं.

थंडीत आणखी एक धोका वाढतो आणि तो पाण्याबाहेरून येतो. डिसेंबर-जानेवारीत कांद्यावर, डाळिंबावर फवारण्या चालू असतात. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. हौदात पंप विसळणं, हौदातूनच बादलीने फवारणीचं पाणी काढणं, वाऱ्याच्या दिशेला तळं असताना फवारणं, यातून एका दुपारी सगळे मासे जातात आणि दोष पुन्हा थंडीला लागतो. पाचट जाळलं की राख आणि काजळी तळ्यावर येते, तीही झाकून टाळावी. पानगळीची जाळी मात्र इथे ऑक्टोबरात नको. पिंपळ आणि कडुलिंब पानं टाकतात ते माघ-फाल्गुनात. थंडीत दोरे ताणायचे ते खंड्या, वंचक आणि पाणकावळ्यासाठी, कारण दुपारी उन्हाला वर आलेला मासा त्यांना आयता सापडतो.

वेळेवर तयारी करण्याचं एक कारण माशांशी नाही, माणसांशी संबंधित आहे. ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याआधी. शेतीची वीजही अनेकदा रात्रपाळीची. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, भीमा-घोडच्या काठच्या उसात बिबट्यांचा वावर कायमचा झाला आहे आणि दौंडही त्यातून सुटलेलं नाही. पहाटे अंधारात एकट्याने पंप सुरू करायला तळ्यावर जावं लागू नये, यासाठी मासे आधी कमी करावेत आणि गाळ आधी काढावा. तळं हलकं असेल तर उजाडल्यावर गेलं तरी चालतं. मासे तोंड काढताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद, पाणी वरून पाडणं चालू, आणि मेलेला मासा लगेच बाहेर काढून पुरणं. एवढं दिवसाच्या उजेडात होण्यासारखं आहे.

फेब्रुवारीत सकाळचं पाणी सलग आठवडाभर २० अंशांच्या वर राहिलं की खाद्य पुन्हा सुरू करावं, आणि पहिले काही दिवस ते सप्टेंबरच्या मापाच्या पाव हिश्श्याहून जास्त देऊ नये.